गणित हातापायांतून डोक्यात शिरतं का?

कंपासपेटी

गणिताबद्दल दोन टोकाची मतं नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे गणित हा निव्वळ डोक्यातला कारभार, जगाशी त्याला काही देणंघेणं नाही. दुसरं म्हणजे हिशोब आणि मोजमाप एवढंच खरं गणित, बाकी सगळी रिकामटेकड्यांची हौस. मला दोन्ही पटत नाहीत म्हणून हा धागा. माझं म्हणणं असंय की एकदम हवेतल्या वाटणाऱ्या कल्पनासुद्धा उचलणं, जोडणं, चालणं, वळणं, तोलणं असल्या शरीराच्या उद्योगांतूनच सुरू होतात, पण त्या अनुभवातलं बरंच काही मुद्दाम फेकून दिल्याशिवाय त्याचं गणित होत नाही, आणि ते फेकून देणंच महाकठीण.

साधं "तीन" घ्या. मेसोपोटेमियात इ.स.पू. ८००० च्या सुमारापासून मातीचे छोटे छोटे ठोकळे सापडतात. मेंढीसाठी एक आकार, तेलाच्या घड्यासाठी दुसरा, धान्याच्या मापासाठी तिसरा. दहा मेंढ्या असतील तर मेंढीचे दहा ठोकळे. म्हणजे "दहा" अशी काही चीज नाहीच, एका मेंढीमागे एक ठोकळा, बस. पुढे इ.स.पू. ३५०० च्या आसपास हे ठोकळे मातीच्या पोकळ गोळ्यात घालून गोळा बंद करायला लागले. आता आत किती आहेत ते फोडल्याशिवाय कळणार कसं, म्हणून गोळा ओला असतानाच बाहेरून ठोकळ्यांचे ठसे उमटवायचे. मग कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं असणार की बाहेर ठसे आहेत तर आतल्या ठोकळ्यांची गरज काय? गोळ्याची झाली सपाट पाटी.

आणि आता गंमत. पाट्या आल्या तरी संख्या सुटी झालीच नाही. उरुक या तिथल्याच प्राचीन शहरातल्या सुरुवातीच्या पाट्यांवर कशाची मोजणी आहे त्यानुसार वेगवेगळ्या पद्धती आहेत. तोच गोल ठसा मेंढ्या मोजताना छोट्या खुणेच्या दहापट आणि धान्य मापताना सहापट! म्हणजे आकडा अजून वस्तूला चिकटलेला. कशाचेही नसलेले नुसते "दहा" हातात यायला हजारो वर्षं गेली आणि आपण ते पहिलीच्या पोरांकडून दोन महिन्यांत मागतो.

तर प्रश्न असा की सगळंच गणित असं आलंय का? की काही कल्पना अशा आहेत ज्यांना शरीराचा स्पर्शच नाही? लिहा मोकळेपणाने.

उगाच_एक

वाचतोय. पुढील लेखनाला शुभेच्छा.

अडीच घर

छान विषय. थोडी भर घालतो. मोजणं शिकण्याआधीच काहीतरी डोक्यात असतं असं दिसतं. कॅरन विन या बाईंनी १९९२ साली पाच महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. बाळासमोर छोटं स्टेज, त्यावर एक बाहुली, मग पडदा वर येऊन ती झाकली जाते, मग बाळाला दिसेल असा एक हात दुसरी बाहुली घेऊन पडद्यामागे जातो आणि रिकामा बाहेर येतो. पडदा पडतो. दोन बाहुल्या दिसल्या तर बाळ जरा बघून नजर काढून घेतं, एकच दिसली तर जास्त वेळ टक लावून बघत राहतं. म्हणजे "काहीतरी गडबड आहे" हे त्याला कळतंय, तेही बोलायला यायच्या आधी.

पण यावरून "बाळाला बेरीज येते" अशी बातमी करायची घाई नको. बाळ संख्या जाणतंय की नुसतं दोन वस्तूंवर एकाच वेळी लक्ष ठेवतंय यावर नंतर बरीच वादावादी झाली आहे. तीन-चारच्या पुढे ही शक्ती तशीही लंगडी पडते. अॅमेझॉनच्या जंगलातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचाच्या पुढे संख्यांना शब्द नाहीत. ते लोक मोठ्या ढिगांची तुलना अंदाजाने व्यवस्थित करतात, पण नेमकी वजाबाकी करायची वेळ आली की गाडी अडते. म्हणजे अंदाज अंगात आहे, नेमकेपणा नाही. तो ठोकळे, बोटं, शब्द अशा कशाला तरी धरूनच येतो. कंपासपेटींच्या मुद्द्याला हे पूरकच आहे असं मला वाटतं.

तिरकस

हे सगळं एक-दोन-तीनपर्यंत ठीक आहे हो. मोजणी अनुभवातून आली हे कोण नाकारतंय? पण धाग्याचं शीर्षक "गणित" आहे, "मोजणी" नाही. मला एवढंच सांगा, ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे कुठल्या मेंढपाळाला अनुभवातून कळलं? कर्ज गुणिले कर्ज म्हणजे काय असतं? माझ्यावर कर्ज असताना अजून एक कर्ज काढलं तर मी श्रीमंत होत नाही एवढं मला अनुभवाने नक्की माहिती आहे.

मोजूनमापून

तिरकस, :-) वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणारं पोर सहसा सगळ्यात हुशार असतं.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सलग मांडले, त्यात हा नियम स्पष्ट आहे. तुम्ही म्हणताय ते बरोबर, संपत्ती आणि कर्जाच्या अनुभवातून बेरीज-वजाबाकीपर्यंतच जाता येतं, गुणाकाराला तो अनुभव पुरत नाही. मग मी मुलांना चालायला लावते. एक जण पुढे किंवा मागे चालतो, दुसरा मोबाईलवर व्हिडिओ काढतो. मग व्हिडिओ सरळ किंवा उलटा चालवायचा. पाठमोरं मागे मागे चालणाऱ्याचा व्हिडिओ उलटा लावला की तो पडद्यावर पुढे चालताना दिसतो. वर्गात हशा होतो आणि नियम बसतो.

पण तो पटवण्याचा मार्ग झाला, सिद्धता नव्हे. खरं कारण असं. ऋण ३ ला (५ अधिक ऋण ५) ने गुणा. कंसात शून्य आहे म्हणजे उत्तर शून्यच हवं. कंस फोडला की पहिला तुकडा ऋण १५. आता दुसरा तुकडा, ऋण ३ गुणिले ऋण ५, धन १५ नसेल तर बेरीज शून्य होणारच नाही. म्हणजे कंस फोडायचा नियम टिकवायचा असेल तर दुसरा पर्यायच उरत नाही.

तिरकस

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत बाई. नियम अनुभवातून नाही आला, दुसऱ्या नियमाच्या जबरदस्तीतून आला.

मोजूनमापून

हो, पण तो दुसरा नियम कुठून आला ते बघा ना. जमिनीवर खडे मांडा, चार ओळी, प्रत्येकीत सात खडे. मधे एक काडी उभी ठेवा म्हणजे प्रत्येक ओळीत पाच खडे एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. चार गुणिले सात म्हणजे चार गुणिले पाच अधिक चार गुणिले दोन, हे डोळ्यांना दिसतंय, काडी ठेवल्याने खडे कमीजास्त होत नाहीत एवढ्यावर सगळं उभं आहे. कंस फोडणं म्हणजे ती काडी. नंतर आपण ठरवलं की खडे नसले, संख्या ऋण असल्या, तरी हा नियम मोडायचा नाही. पाय जमिनीवर होते तिथपर्यंतचा नियम घेतला आणि जमीन नाही तिथेही तो चालवला. अनुभव आणि हट्ट दोन्ही लागतात.

विषम

मोजूनमापून, +१. "हट्ट" हा शब्द फार आवडला.

याच्याच जवळचं एक उदाहरण. शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी बांधण्याच्या प्राचीन ग्रंथांत, दोरी आणि खुंट्या घेऊन वेदी आखायची पद्धत आहे. बौधायनाने आयताच्या कर्णावरचा चौरस म्हणजे दोन्ही बाजूंवरच्या चौरसांची बेरीज हे सांगितलंय, तेही दोरीच्या भाषेत. चौरसाचा कर्ण किती याचं मापही दिलंय. बाजू घ्या, तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. आकडेमोड केली की येतं ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५... आणि खरा २ चा वर्गमूळ १.४१४२१३... दशांश चिन्हानंतर पाच घरं बरोबर!

आता हे बघा. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. फरक एकाचा. जगातली कुठलीही दोरी हा फरक दाखवू शकणार नाही, दोरीची जाडीच त्यापेक्षा जास्त, शिवाय ती ताणली की वाढते. बांधकाम करणाऱ्याचं काम इथे संपलं. पण कोणीतरी विचारलं की जवळ जाणं सोडा, बरोब्बर बसणारा अपूर्णांक कधी मिळेल का? आणि उत्तर आलं "कधीच नाही", ते ग्रीकांनी सिद्ध केलं. हा प्रश्न दोरीनेच सुचवला, पण उत्तर दोरी देऊच शकत नाही, कितीही बारीक दोरी आणा. मला वाटतं अमूर्त गणित नेमकं इथं सुरू होतं.

कंपासपेटी

विषम, वा! हे मला म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं.

जाडा ठोकळा

इंजिनियर लोकांचं प्रतिनिधित्व कमी पडतंय म्हणून लिहितो. आर्किमिडीजने गोलाचं घनफळ काढलं ते चक्क तराजूवर तोलून, म्हणजे मनातल्या तराजूवर. गोल, शंकू आणि एक मोठा दंडगोल घ्यायचे, तिघांच्या अगदी पातळ चकत्या कापायच्या, गोलाची आणि शंकूची चकती दांडीच्या एका टोकाला टांगायची, दंडगोलाची चकती जागच्या जागी ठेवायची, आणि दाखवायचं की प्रत्येक वेळी दांडी आडवीच राहते. प्रत्येक चकतीला तोल साधतो म्हणजे अख्ख्या वस्तूंचाही साधतो. त्यातून निघालं की गोल त्याला घट्ट बसणाऱ्या दंडगोलाच्या दोन तृतीयांश.

हे त्याने एराटोस्थेनीसला पत्रात लिहून कळवलं होतं. ते शेकडो वर्षं गायब. १९०६ साली हायबर्ग नावाच्या अभ्यासकाला कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका प्रार्थनेच्या पुस्तकात ते सापडलं, जुना मजकूर खरवडून त्याच चामड्यावर प्रार्थना लिहिल्या होत्या आणि खालची अक्षरं पुसट दिसत होती. आणि त्या पत्रात भाऊ स्वतः सांगतोय की ही तोलायची रीत म्हणजे सिद्धता नव्हे, पण उत्तर आधी हाती लागलं की सिद्धता शोधणं सोपं जातं. सिद्धता त्याने वेगळी, काटेकोर भूमितीने दिली. म्हणजे तिरकस आणि कंपासपेटी दोघांचं भांडण बावीसशे वर्षांपूर्वी एकाच माणसाने स्वतःशी मिटवून टाकलंय.

दुसरा किस्सा केप्लरचा. हा मला जास्त आवडतो कारण यात वैताग आहे. १६१३ मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं, घरासाठी वाइनची पिंपं आणली. विक्रेता आला, पिंपाच्या पोटाला जे भोक असतं त्यातून एक काठी तिरकी आत घातली, तळाच्या कडेपर्यंत, काठी किती ओली झाली ते बघितलं आणि किंमत सांगून मोकळा. पिंप लांबुडकं आहे की ढेरपोटं, काही फरक नाही. केप्लर म्हणाला हे काय चाललंय, एकाच लांबीच्या काठीत लांबुडकं आणि ढेरपोटं पिंप एकाच भावाने कसं? बसला गणित करायला आणि १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर आख्खं पुस्तक काढलं.

त्याला काय सापडलं ते महत्त्वाचं. काठीची लांबी ठरलेली असेल तर एका विशिष्ट आकाराला सगळ्यात जास्त वाइन मावते, आणि ऑस्ट्रियातली पिंपं जवळपास त्याच आकाराची होती. शिवाय त्या सर्वोत्तम आकारापासून थोडं इकडेतिकडे झालं तरी घनफळ जवळजवळ बदलतच नाही. मी साध्या दंडगोलावर करून बघितलं, लांबी १० टक्क्यांनी कमी केली तर माल फक्त दीड टक्क्याच्या आसपास कमी होतो. म्हणजे विक्रेत्याची काठी तिथे फारशी फसवत नव्हती! शिखरावर असताना दोन पावलं सरकलात तरी उंची विशेष कमी होत नाही, हीच ती गोष्ट जी पुढे "कमाल बिंदूला अवकलज शून्य" म्हणून कॉलेजात आपल्या डोक्यावर आपटतात. कोणी मला तेव्हा पिंप दाखवलं असतं तर उपकार झाले असते. असो.

उगाच_एक

जाडा ठोकळा, दंडवत. पिंपाचा किस्सा चोरून वापरणार.

तिरकस

बरं. तराजू झाला, पिंप झालं, दोरी झाली. आता ऋण एकाचं वर्गमूळ आणा बघू. कुठली वस्तू उचलली, कुठे चालत गेलात की ते सापडतं? इथे तुमचा सिद्धांत कोसळतो असं माझं नम्र मत.

रेंगाळणारा बिंदू

तिरकसराव, इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि अर्धं चुकलेलं जास्त मजेशीर आहे.

इटलीत सोळाव्या शतकात घनसमीकरणं सोडवायची सूत्रं सापडली, कार्दानोने ती १५४५ मध्ये छापली. त्यात कधीकधी ऋण संख्येचं वर्गमूळ मधेच उपटायचं. वर्गसमीकरणात असं झालं तर "उत्तर नाही" म्हणून पुढे जाता यायचं. पण बोंबेल्लीने १५७२ मध्ये एक उदाहरण घेतलं, क्ष चा घन बरोबर १५ क्ष अधिक ४. याचं उत्तर ४ आहे, पडताळून बघा, ६४ बरोबर ६० अधिक ४. सूत्रात मात्र ऋण १२१ चं वर्गमूळ येतं. बोंबेल्लीने नाक दाबून बेरीज-गुणाकाराचे नेहमीचे नियम त्या विचित्र चीजेवर चालवले आणि शेवटी ती एकमेकांना कापून गेली, हातात राहिले ४. म्हणजे जन्म शुद्ध आकडेमोडीतून, अनुभव शून्य. इथवर तुम्ही जिंकलात.

पण पुढे जवळजवळ सव्वादोनशे वर्षं लोक ते वापरत होते आणि त्यावर विश्वास ठेवत नव्हते. विश्वास कधी बसला? ते वळणं म्हणून दिसलं तेव्हा. कास्पर वेसेल नावाचा माणूस, धंद्याने सर्व्हेअर, जमिनीवर दिशा आणि अंतरं मोजत हिंडणारा, त्याने १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे मांडलं की संख्येला लांबी आणि दिशा दोन्ही द्या. मग ऋण १ ने गुणणं म्हणजे मागे वळणं, तोंड उलट्या दिशेला. आणि ज्याने दोनदा गुणल्यावर मागे वळलात तो म्हणजे काटकोनात वळणं. उभे राहा, डावीकडे काटकोनात वळा, परत वळा, पाठमोरे झालात. संपलं. यात काल्पनिक काय आहे?

बिचाऱ्याचा निबंध डॅनिशमध्ये होता, कोणी वाचला नाही, जवळजवळ शंभर वर्षं पडून राहिला. आर्गांने १८०६ मध्ये तेच वेगळं शोधलं आणि पुढे गाऊसने उचलून धरल्यावर जगाने मानलं. पण हे सुचणारा पहिला माणूस रोज दुर्बिणीतून कोन मोजणारा होता याला मी तरी योगायोग म्हणणार नाही.

तिरकस

हे आवडलं. पण नीट बघा, क्रम उलटा झाला. आधी चिन्हं, नंतर शरीर. धाग्यात दावा होता "अनुभवातून कल्पना येते".

कंपासपेटी

मान्य, दावा थोडा वाकवायला लागणार. कल्पना कुठूनही येवो, ती आपली वाटायला शरीरातून जावं लागतं, असं म्हणू का?

विषम

तसंही पूर्ण होत नाही गं. चार मितींच्या पुढचं काम करणारे लोक शरीरातून कुठे जातात? पण मला वेगळंच काहीतरी खुपतंय. अनुभव तर सगळ्यांना सारखाच होता, मग कल्पना यायला इतका वेळ का?

फोन हातात आहे ना, करून बघा. फोन टेबलावर सपाट ठेवा, स्क्रीन वर, वरची कड तुमच्यापासून लांब. पहिली हालचाल, लांबची कड उचलून फोन उभा करा म्हणजे स्क्रीन तुमच्याकडे येईल. दुसरी हालचाल, वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा. शेवटी फोन उभा, स्क्रीन तुमच्या डावीकडे. आता पहिल्यासारखा सपाट ठेवा आणि त्याच दोन हालचाली उलट्या क्रमाने करा, आधी पाव फेरा, मग तुमच्यापासून लांबची कड उचला. यावेळी फोन आडवा उभा राहतो, सिनेमा बघायला धरतो तसा, आणि स्क्रीन तुमच्याकडे. त्याच दोन हालचाली, क्रम बदलला, निकाल वेगळा.

हे माणसाच्या हाताला लाखो वर्षं माहिती आहे. तरीही क्रम बदलला की उत्तर बदलणारा गुणाकार कोणी गंभीरपणे मांडला? हॅमिल्टनने, १६ ऑक्टोबर १८४३ ला, डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचलं आणि तिथल्या पुलाच्या दगडावर त्याने सूत्र कोरलं. तेसुद्धा त्याआधी वर्षानुवर्षं डोकं फोडून, कारण अ गुणिले ब म्हणजे ब गुणिले अ हे सोडवतच नव्हतं त्याला.

गोलावरची भूमिती तशीच. उत्तर ध्रुवावरून सरळ विषुववृत्तावर या, पाव पृथ्वी चाला, परत वर जा, त्रिकोणात तीन काटकोन, बेरीज २७०. खगोलवाल्यांना गोलावरचे त्रिकोण दीड-दोन हजार वर्षं पाठ होते. तरी युक्लिडच्या समांतर रेषांपेक्षा वेगळी भूमिती असू शकते हे लोबाचेव्हस्की आणि बोयाई यांनी मांडलं ते १८२९ आणि १८३२ मध्ये, आणि तेसुद्धा गोलावरून नाहीच आलं. अनुभव डोळ्यासमोर पडलेला असतो, पण त्याला "ही पण भूमितीच आहे का?" असं विचारायचं कोणाला सुचत नाही.

अडीच घर

विषम, जबरदस्त. यावर जॉर्ज लेकॉफ आणि राफाएल नुन्येझ यांनी २००० साली मांडलेलं आठवलं. त्यांच्या मते अंकगणिताला चार शारीरिक आधार आहेत, वस्तू गोळा करणं, तुकडे जोडून वस्तू बनवणं, मोजपट्टी लावणं आणि वाटेवरून चालणं. मला यात भावतं ते असं की हे चारही एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. ढिगात शून्य म्हणजे ढीगच नाही, त्याला संख्या म्हणायला जीव होत नाही. वाटेवर मात्र शून्य ही इतर जागांसारखीच एक जागा, आणि तिच्या मागेही वाट आहेच, म्हणजे ऋण संख्या फुकटात मिळाल्या. २ चं वर्गमूळ ढिगात कधीच भेटणार नाही, मोजपट्टीवर पहिल्या दिवशी भेटतं. म्हणजे "संख्या" ही एक गोष्ट नाहीये, चार अनुभव जबरदस्तीने एका नावाखाली आणलेत आणि शाळेत पोरं अडकतात ती बहुधा या सांध्यांवर.

नुन्येझ यांनीच नंतर पापुआ न्यू गिनीमधल्या युप्नो लोकांबरोबर काम केलं. शाळेत न गेलेल्या प्रौढांना रेषेवर संख्या मांडायला सांगितलं तर ते फक्त दोन टोकं वापरायचे, मधली जागा वापरायचेच नाहीत. त्यांच्या भाषेत संख्या आहेत बरं का. म्हणजे आपल्याला जी संख्यारेषा जन्मजात वाटते ती शिकलेली आहे. तेव्हा "शरीरातून येतं" म्हणताना जरा जपून.

तिरकस

शेवटी कोणीतरी माझ्या बाजूने! आता अनंताचं काय ते सांगा म्हणजे मी गप्प बसतो. अनंत कोणी उचललंय?

रेंगाळणारा बिंदू

अनंत कोणी उचललं नाही, पण जोड्या लावणं सगळ्यांनी केलंय. गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवलं की १, २, ३, ४ समोर १, ४, ९, १६ ठेवत गेलं तर प्रत्येकाला जोडीदार मिळतो, मग वर्गसंख्या कमी की सारख्या? त्याने हात टेकले, म्हणाला कमी-जास्त हे शब्द इथे लागूच होत नाहीत. कँटोरने १८७४ पासून तीच जोडी लावायची रीत हातात धरून ठेवली आणि "भाग हा अख्ख्यापेक्षा लहान" हा अनुभव सोडून दिला. दोन अनुभवांचं भांडण लागलं तेव्हा कुठला ठेवायचा ते त्याने ठरवलं. एका मेंढीला एक ठोकळा हेच ते, फक्त मेंढ्या संपत नाहीत.

जाडा ठोकळा

आणि कधीकधी अनुभव सपशेल तोंडावर पडतो हेही नोंदवा. पेन न उचलता काढलेली रेघ कुठेतरी तरी गुळगुळीत असणारच असं हात सांगतो. वायरश्ट्रासने १८७२ मध्ये असं फलन दाखवलं जे सगळीकडे अखंड आहे पण एकाही बिंदूवर स्पर्शिका काढता येत नाही, कितीही मोठं करून बघा, टोकंच टोकं. तेव्हाच्या भल्याभल्यांना ते राक्षसी वाटलं. मलाही वाटतं.

विषम

डोळ्यांवर सगळा भार टाकू नका एवढंच. बेर्नार मोरँ हा फ्रेंच गणिती सहाव्या वर्षी दृष्टी गेलेला, आणि त्याचं नाव झालं ते गोल न फाडता, न चुरगाळता आतलं बाहेर कसं करायचं या प्रश्नावर, अर्थात पृष्ठभाग स्वतःतून आरपार जाऊ शकतो असं धरून. हे शक्य आहे असं स्मेलने १९५० च्या दशकात सिद्ध केलं होतं, पण वाट दिसत नव्हती. मोरँने मधल्या टप्प्यांचे मातीचे नमुने बनवले. डोळस लोक चित्र एका बाजूने बघतात, बोटं आतून बाहेरून एकदम फिरतात.

उगाच_एक

मी इतका वेळ नुसता वाचत होतो, आता एक शंका. फोन फिरवताना दुसऱ्या धाग्यावर कोणीतरी लिहिलेलं आठवलं की हातावर पुस्तक ठेवून दोन फेरे घेतले तरच हात सरळ होतो, एका फेऱ्यात नाही. हे खरं आहे का?

रेंगाळणारा बिंदू

एकदम खरं. तळहातावर पुस्तक सपाट ठेवा आणि ते पूर्ण वेळ आडवंच राहिलं पाहिजे. हात आत वळवत काखेखालून न्या आणि पुढे आणा. पुस्तकाचा एक पूर्ण फेरा झाला, ते मूळ दिशेला आलं, पण कोपर वर आणि हात पिळलेला. आता थांबू नका, त्याच दिशेने पुढे, यावेळी पुस्तक डोक्यावरून. दुसरा फेरा पूर्ण झाला की पीळ गायब, हात सुरुवातीला होता तसा. इलेक्ट्रॉनच्या वर्णनातही हेच आहे, एका पूर्ण फेऱ्यात त्याच्या अवस्थेचं चिन्ह उलटं होतं, दोन फेऱ्यांत पूर्ववत.

उगाच_एक

केलं. पुस्तक दोनदा पडलं, खांदा बोंबलतोय, पण खरंच सुटतो पीळ! आता तिसरा फेरा घेतला तर?

मोजूनमापून

तिसऱ्याला पहिल्यासारखाच पीळ, चौथ्याला परत सुटतो. एकूण किती फेरे झाले हे हाताला आठवत नाही, सम झाले की विषम एवढंच उरतं. हलकं पुस्तक घ्या आणि पंख्याखाली उभं राहून करू नका.